मोटार घरी आणण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी लोणच्याच्या कृती सांगते, कोणी बालसंगोपनावर बोलते. यंदा चिटणीसबाईंनी माझ्यावर मोटारीचा विषय सोपवला तेव्हा मला हसूच आले. मला मोटार चालवता येत नाही. सायकलसुद्धा येत नाही. पण गेल्या काही महिन्यांत आळीतल्या चार घरांतून मला विचारणे झाले, की तुमच्या विजेच्या गाडीचे ते काय प्रकरण झाले? प्रत्येकीला निराळे सांगण्यापेक्षा एकदाच सर्वांना सांगावे म्हणून उभी राहिले आहे.

आमच्या यांना आठवड्यातून तीन वेळा धुळ्याला डायलिसिससाठी न्यावे लागते हे तुम्हांपैकी बहुतेकींना ठाऊक आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार. जाऊन येऊन सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. जाताना माणूस कसाबसा बसतो, पण येताना अंगात त्राण नसते. तेव्हा एसटीत उभे राहणे शक्य नसते. भाड्याच्या गाडीला एका खेपेचे पंधराशे रुपये पडत. महिन्याचा हिशेब तुम्हीच करा. मुलगा पुण्याला नोकरीत. घरी सूनबाई, आणि ती मोटार उत्तम चालवते. तिनेच कागदावर आकडे मांडून दाखवले की एवढ्या ठरलेल्या अंतराला विजेची गाडी परवडेल. एका खेपेला नऊ-दहा युनिटे वीज पुरेल. यांच्या फंडातले काही पैसे होते. उरलेल्यासाठी मी माझ्या पाटल्या मोडल्या. त्या एप्रिलात सोने तोळ्याला लाखाच्या घरात गेले होते, त्यामुळे भाव चांगला आला, एवढेच समाधान.

गाडी आखाजीला घरी आणायची असे सर्वांनी ठरवले. २०२५ साली आखाजी ३० एप्रिलला, बुधवारी होती. आपल्या खानदेशात आखाजी म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात, पितरांची घागर भरतात. नणंद दोन दिवस आधीच येऊन राहिली होती. पुरणाची डाळ निवडून झाली होती.

सोमवारी, म्हणजे २८ तारखेला, दुकानातून निरोप आला की येऊन सह्या करून जा, म्हणजे गाडीची नोंदणी होईल, नंबराची पाटी लागेल आणि आखाजीला चावी हातात मिळेल. मी म्हणाले, बरे, जाऊ. सूनबाई म्हणाली, "आई, सही करण्यापूर्वी गाडी पाहायची. पाटी लागल्यावर पाहून उपयोग नाही." मला तेव्हा यातले मर्म कळले नव्हते. एकदा आपल्या नावावर नोंदणी झाली की गाडी कायद्याने आपली झाली. मग दोष सापडला तर दुकानदार दुरुस्ती करून देतो म्हणेल, बदलून देतो म्हणणार नाही. नोंदणीच्या आधी ती त्याची असते. पाहायचे ते तेवढ्या वेळात पाहायचे.

दुकानाचे नाव मी सांगणार नाही. तिथली मुले बोलायला फार गोड होती. सरबत दिले, खुर्च्या दिल्या. गाडी मात्र दिव्यांच्या झगमगाटात आत उभी होती. सूनबाई म्हणाली, बाहेर उन्हात काढा. काढायला गेले तर गाडी चालू होईना! मग एक जण धावत दुसरी बॅटरी घेऊन आला आणि वायरी जोडून ती चालू केली. मी घाबरून विचारले की नवी गाडी आणि बॅटरी संपली कशी? तेव्हा सूनबाईने समजावले. विजेच्या गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक मोठी, तळाशी, जिच्यावर गाडी धावते. दुसरी बारा व्होल्टची लहान, इतर मोटारींत असते तशीच. दारे, पडदा, दिवे जागे करण्याचे काम तिचे. गाडी फार दिवस पडून राहिली की ही लहान बॅटरी उतरते, आणि मोठी कितीही भरलेली असली तरी गाडी जागची हलत नाही. म्हणजे आमची गाडी बरेच दिवस पडून होती. मोठ्या बॅटरीत तरी काय होते? पडद्यावर अकरा टक्के. अशी जवळजवळ रिकामी बॅटरी महिनोन्‌महिने उन्हात ठेवणे तिच्या आयुष्याला चांगले नसते.

मग तिने गाडीच्या अंगावर ठोकलेली पट्टी पाहिली. घडणीचा महिना ऑक्टोबर २०२४. सहा महिने झाले होते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तीन टायरांवर ३८२४ होते, म्हणजे २०२४ सालचा अडतिसावा आठवडा. डाव्या बाजूच्या मागच्या टायरावर ०९२५. गाडी ऑक्टोबरात तयार झाली आणि तिचा एक टायर पुढच्या वर्षीच्या नवव्या आठवड्यातला! बाळ आधी आणि बारसे नंतर हे समजते, पण बाळाचा एक पाय चार महिन्यांनी जन्मला हे कसे समजावे?

इथपर्यंत सारे सूनबाईचे. यापुढचे थोडे माझे. मी तीस वर्षे साड्यांना फॉल लावले, ब्लाउजे शिवली. दोऱ्याची गुंडी साडीशी जुळवायची ती ट्यूबच्या उजेडात कधी नाही, ओट्यावर जाऊन उन्हात. तसे मी गाडीकडे डोळे बारीक करून पाहिले. पांढरा रंग. पण पांढऱ्यातही कोरे लठ्ठ निराळे आणि धुतलेले निराळे. डाव्या बाजूचे मागचे दार बाकीच्या अंगापेक्षा किंचित दुधी होते. सूनबाईलाही आधी दिसेना. मी दाराच्या रबरी पट्टीखाली नख घातले तर पांढरा रंग नखाला लागला. कारखान्यात गाडी रंगते तेव्हा रबर लावलेले नसते. मग रबरावर रंग आला कुठून? दार उघडले तर बिजागरीच्या बोल्टांच्या डोक्यांवरचा रंग पान्याने खरवडलेला.

दारावरचा राखणदार मघापासून पाहत होता. जवळ येऊन हळूच म्हणाला, "काय देखी राह्यनी व माय?" मी म्हटले, "दार देखी राह्यनू, भाऊ." तो काही बोलला नाही. पण हसलाही नाही, आणि त्यावरून मला जे कळायचे ते कळले.

मुलगा म्हणाला, "काकू, रंग कारखान्यातूनच असा येतो. धुतल्यावर सारखा होईल. आज सह्या झाल्या नाहीत तर आखाजी चुकेल." मी म्हटले, "बाळा, मग एवढेच एका कागदावर लिहून दे. या गाडीचे दार कधी उघडून रंगवलेले नाही, टायर बदललेला नाही. खाली दुकानाचा शिक्का मार. मी आत्ता सही करते."

तो आत गेला. बराच वेळ कोणी आले नाही. हे खुर्चीत बसून होते. त्यांचा ज्या हाताला सुया टोचतात तो हात दुसऱ्या हातात धरून. मला म्हणाले, "जाऊ दे. दार रंगवले तर रंगवले. चालते ना गाडी? पुन्हा भाड्याच्या गाडीत धक्के खायचे मला." खरे सांगते, त्या वेळी माझे मन डळमळले. गाडी चालत होतीच. दारावाचून काय अडते? पण दाराला एवढा मार बसला असेल तर खाली, बॅटरीच्या पेटीला बसला नसेल कशावरून? ती पेटी गाडीच्या तळाशीच असते आणि गाडीच्या किमतीचा मोठा भाग तीच असते. आणि जे दाराविषयी खोटे बोलतात ते पेटीविषयी खरे बोलतील का?

शेवटी मोठे साहेब आले. त्यांनी कागद दिला नाही, पण कबूल केले की आवारात गाडी हलवताना दार खांबाला घासले आणि टायर फाटला. पंधरा हजार कमी करतो म्हणाले. मी नको म्हटले. दुसरी गाडी द्या, नाहीतर भरलेले पैसे परत द्या. आणि हे मी आजच्या तारखेने लिहून दिले व त्याची पोच घेतली.

कागदाचे महत्त्व अमळनेरकरांना मी काय सांगावे! १९४५ साली आपल्याकडे निघालेल्या तेलाच्या कारखान्याचे, म्हणजे आजच्या विप्रोचे, शेअर ज्यांनी ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवले त्यांची घरे आपण पाहतोच. तक्रारीच्या कागदाचेही तसेच. गोव्यातल्या एका गृहस्थांना २०११ साली नवी म्हणून दिलेली मोटार २००९ सालची आणि ६२२ किलोमीटर चाललेली निघाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल लागला १८ फेब्रुवारी २०२१ रोजी. दहा वर्षे! त्यातही मोटार बनवणाऱ्या कंपनीला हे ठाऊक होते असे दिसत नाही म्हणून ती सुटली. जबाबदारी राहिली ती विकणाऱ्या दुकानदारावर. म्हणून गाडी कितीही नामांकित असो, आपला व्यवहार समोरच्या दुकानदाराशी असतो हे ध्यानात ठेवावे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत काढली तेव्हा ग्राहकांसाठी वेगळा कायदाही नव्हता. तो १९८६ साली झाला. आता २०१९ च्या नव्या कायद्याने एक सोय केली आहे. दुकान कुठेही असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. म्हणजे आपल्याला जळगाव. दूरध्वनीवर सल्ला हवा असेल तर १९१५ हा क्रमांक आहे. माझ्यावर तिथवर जाण्याची पाळी आली नाही.

पण आखाजी गेली. अंगणात गाडीसाठी रांगोळी काढायची म्हणून नणंदेने रंग आणून ठेवले होते, ते तसेच राहिले. आमरस झाला, पुरणपोळ्या झाल्या. जेवताना कोणी काही बोलले नाही, आणि ते न बोलणेच मोठे होते. शेजारची एक जण म्हणाली, सूनबाईच्या शहाणपणाने मुहूर्त गेला. तिने ऐकले. मी म्हटले, दार मी शोधले, तिने नाही, बोलायचे तर मला बोला.

त्यानंतर भाड्याच्या सात खेपा झाल्या. साडेदहा हजार. एका खेपेला परत येताना यांना उलटी झाली आणि गाडीवाला कुरकुरला. त्या दिवशी घरी आल्यावर मी देवघरात जाऊन थोडी रडले. तेव्हा जर कोणी मला ती दुधी दाराची गाडी आणून दिली असती तर बहुधा मी घेतली असती.

दुसरी गाडी १४ मे रोजी मिळाली, दोन महिन्यांपूर्वी घडलेली. या वेळी घाई आम्ही केली नाही आणि त्यांनीही नाही. गाडी वर उचलून तळ पाहिला; पेटीला पोचा नाही, ओरखडा नाही. (उचलायची सोय नसेल तर मोबाइल हातात धरून गाडीखालून चित्र घ्यावे, साडी मळत नाही.) अंगावरचा सतरा अक्षरांचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक सूनबाई वाचत गेली, मी बोट ठेवत गेले. त्या क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधी नसतात, कारण ती एक आणि शून्याशी घोटाळतात. हे मला मोठे शहाणपणाचे वाटले. चार्जर जोडून वीज चढते की नाही ते तिथेच पाहिले. जलद चार्जरवरही पाहिले, कारण दोहोंची तोंडे निराळी आणि एक चालले म्हणून दुसरे चालेलच असे नाही. मे महिन्याच्या उन्हात गार हवेचे यंत्र अर्धा तास चालवले. मग सूनबाईने एक फेरी मारली आणि मी मागे बसून नुसते ऐकले. या गाडीला इंजिनाचा आवाज नसतो, म्हणून बारीकसारीक खडखड कानाला चटकन कळते. मागच्या फळीत एक खडखड होती. एक स्क्रू पिळला, थांबली. बॅटरीच्या आठ वर्षांच्या हमीचा कागद शिक्क्यासकट घेतला. मगच सही केली. हिरवी पाटी लागून गाडी दारात आली तेव्हा ना मुहूर्त होता ना नणंद. मी हळदकुंकू लावले, चाकाखाली लिंबू ठेवले.

आता गंमत ऐका. एवढे सगळे पाहिले, पण आमचे घर पाहायचे राहिले. त्या रात्री चार्जर लावला तर लाल दिवा! माझे हातपाय गळाले. सकाळी धुळ्याला जायचे. गाडीत तर दुकानातून येताना उरलेली वीज होती म्हणून त्या दिवसाचे निभावले. दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने मीटर लावून पाहिले आणि म्हणाला, "ताई, गाडी ठीक आहे, चार्जर ठीक आहे. तुमच्या घराला अर्थिंग नाही." म्हणजे तार होती, जमिनीत गाडलेली पट्टीही होती, पण खड्ड्यातली माती उन्हाळ्याने कोरडी ठणठणीत पडून तडकली होती, आणि कोरड्या मातीतून वीज जमिनीत उतरत नाही. इतकी वर्षे आमचा फ्रीज, धुण्याचे यंत्र सारे तसेच चालले होते, आणि ओल्या हाताने मी त्याला हात लावत होते. चार्जर तेवढा शहाणा, त्याने नकार दिला. वायरमनने खड्डा उकरून मीठ, कोळसा घातला, दोन बादल्या पाणी ओतले, आणि चार्जरसाठी जाड तारेची वेगळी जोडणी करून दिली. मग दिवा हिरवा झाला.

यांनी अजूनपर्यंत मला, तू केलेस ते बरोबर केलेस असे म्हटलेले नाही. परवा धुळ्याहून येताना मात्र गाडीत झोप लागली त्यांना, ती थेट घरापर्यंत. सूनबाईने अंगणात गाडी उभी करून पाच मिनिटे दार उघडले नाही.

सकाळी तुळशीला पाणी घालते तेव्हा पलीकडच्या त्या अर्थिंगच्या खड्ड्यातही मी एक तांब्या ओतते. नातवाला वाटते तिथेही कुठला देव आहे.