दवाखान्यात दुभाषी हवा



आईचं किंवा नानीचं बोलणं डॉक्टरांना मराठीत सांगायला आपल्यापैकी बहुतेक जण दवाखान्यात गेलेले असतील. अकोल्यात शाळेत असल्यापासून मीही हे करत आलो. आज त्याच कामाविषयी बोलायचं आहे.

उर्दूतलं ‘जी घबरा रहा है’ मराठीत ‘घाबरते आहे’ असं सांगितलं, की दुखणंच बदलतं. तिला मळमळत असेल किंवा छातीत धडधडत असेल. डॉक्टरांना मात्र भीती ऐकू येते. शब्दांची चूक सुधारता येते. मोठी अडचण वेगळीच आहे. मुलगा शेजारी उभा असला, तर आई पाळीचं, अंगावरून पांढरं जाण्याचं बोलत नाही. ‘कमजोरी है’ एवढंच म्हणते. मुलगा तेवढं अगदी बरोबर सांगतो आणि आजार तसाच राहतो.

आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत प्रश्न याहून बिकट आहे. तिथली कोरकू भाषा मुंडा कुळातली. मराठी-हिंदी येणाऱ्या डॉक्टरला तिचा अंदाजही बांधता येत नाही. मग आशाताई, नर्स किंवा एखादा नातेवाईक मध्ये उभा राहतो. मेळघाटातल्या कुपोषणावर आणि बालमृत्यूंवर आपण कित्येक वर्षं बोलतो. भाषेवर फार कमी.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे ‘एखादं ॲप करा’ असं लोक सांगतात. यंत्र लिखित मजकुरावरून शिकतं आणि कोरकूत तो फारच थोडा आहे. शिवाय चुकीची जबाबदारी यंत्र घेत नाही. ऑस्ट्रेलियात १९७३ साली सरकारने फोनवरून दुभाषी देणं सुरू केलं. आज ती सेवा चोवीस तास चालते. तिथे डॉक्टर फोन लावतो आणि दुभाषी फोनवरूनच दोघांचं बोलणं एकमेकांना सांगतो. यातलं तंत्र सोपं आहे. अवघड आहे ते माणसं तयार करणं: जे ऐकलं ते सगळं सांगणारी, पदरचं काही न घालणारी, बाहेर कुठेही न बोलणारी.

उर्दू आणि मराठी दोन्ही येणाऱ्या मुली आपल्या मोहल्ल्यांत आहेत, कोरकू आणि मराठी येणाऱ्या मेळघाटात आहेत. त्यांना प्रशिक्षण आणि पगार द्या, प्राथमिक आरोग्य केंद्रांना त्यांचे नंबर द्या, ही मागणी आपण जिल्हा परिषदेकडे करू या.

तोवर एक करा. आईला तपासायला नेलंत, की तिची भाषा येणारी नर्स आहे का ते विचारा. असेल, तर तुम्ही बाहेर थांबा.