खाण, गिरणी आणि चेंडू



बल्गेरियातील खालच्या वर्गांत खेळणाऱ्या फुटबॉल संघांवर आम्ही बोलणार, हे ऐकून आमचे काही मित्र हसले. आठवीपुढे शाळा पाहिली नाही, सारा जन्म कामगारांच्या चळवळीत गेला. मग हा चेंडू मध्येच कुठून आला? उत्तर सरळ आहे. गावाचा इतिहास जसा बखरीत असतो, तसाच तो त्या गावच्या संघाच्या नावातही असतो.

पेर्निकचेच पाहा ना. हे शहर सोफिया राजधानीच्या नैऋत्येस आहे. तेथे 1891 साली कोळशाची खाण सुरू झाली. 1906 साली खाणकामगारांनी 35 दिवस संप केला. त्याच्या पुढाऱ्यांत छापखान्यात खिळे जुळवून वाढलेला एक तरुण होता, गिओर्गी दिमित्रोव. पुढे 1933 साली लाइपझिगच्या खटल्यामुळे हे नाव जगभर गेले. पेर्निकचा संघ 1919 साली निघाला, तो क्राक्रा या नावाने. क्राक्रा हा बायझंटाइन सम्राटाविरुद्ध तेथील किल्ला लढविणारा मध्ययुगीन सरदार. पुढे संघाचे नाव झाले मिन्योर, म्हणजे खाणकामगार. सरदार गेला, कामगार आला! शहरालाही 1949 ते 1962 पर्यंत दिमित्रोवो म्हणत.

दुसरे शहर स्लिव्हेन. 1834 साली दोब्री झेल्याझकोव यांनी तेथे लोकरी कापडाचा कारखाना काढला, बल्गेरियातील पहिला. तेथील संघाने 1990 साली राष्ट्रीय चषक जिंकला. त्याच मातीतला यॉर्दान लेच्कोव. त्याने 1994 च्या विश्वचषकात डोक्याने गोल मारला आणि जर्मनी 2-1 ने हरली. पुढे तो शहराचा महापौर झाला. संघ मात्र बरीच वर्षे खालच्या वर्गांत खेळला.

1989 नंतर राज्यव्यवस्था पालटली. संघाला कारखाना पोसत होता, तोवर पैसा येतो कुठून असे कोणी विचारले नव्हते. कारखान्याचा हात सुटला तेव्हा ते कळले. मिन्योरही 2013 साली पहिल्या वर्गातून खाली आला. 2019-20 च्या हिवाळ्यात तर पेर्निकचे धरण आटले आणि नळाला ठरावीक तासच पाणी येऊ लागले. ज्या शहराने देशाला कोळसा दिला, ते पाण्यासाठी ताटकळले.

हे सारे आम्हाला परके वाटत नाही. आमचे वडील मुंबईत एका गिरणीत साचेवर होते. गिरणीचा कबड्डीचा संघ होता. रविवारी आम्ही त्यांच्या खांद्यावर बसून सामने पाहत असू. 1982 च्या संपानंतर गिरणी बंद झाली, संघ फुटला, मैदानावर इमारत उभी राहिली. वडील शेवटपर्यंत म्हणत, “पगार बुडाला त्याचे दुःख आहे, पण रविवारही बुडाला.” पेर्निकमध्ये निदान ‘खाणकामगार’ हे नाव तरी पुढे चालले. आमच्या वडिलांच्या संघाचे नाव आज आमच्याखेरीज कोणी घेत नाही.

आमचे सांगणे इतकेच. मालकाच्या मेहेरबानीवर वाढलेली वस्तू मालकाबरोबर जाते, मग तो मालक शेठ असो की सरकार. जी वर्गणीने, सभेने, हिशेबाने गावाने स्वतःची केली, तिला पुढे काही आशा असते. तेव्हा उद्या सकाळी एक काम करा. आपली मुले ज्या मैदानावर खेळतात, त्याचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, ते एकदा पाहून या.