घरी बसून दिलेली परीक्षा
(संस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभातील भाषण)



अमेरिकेतील हार्वर्ड विधी महाविद्यालयाचे प्राध्यापक विल्यम फिशर यांनी २०१३ साली ‘कॉपीराइटएक्स’ नावाचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. प्रवेश अर्जावरून मिळतो, शुल्क नाही. व्याख्याने इंटरनेटवर ऐकावयाची आणि लहान गटांत चर्चा करावयाची, अशी त्याची रीत. तो अभ्यासक्रम पुरा करून त्याची अंतिम परीक्षा आम्ही दिली. घरी बसून, टिपणे जवळ ठेवून दिलेली परीक्षा ती कसली, असा प्रश्न आमच्या काही वडीलधाऱ्यांनी केला. त्याचे उत्तर देण्याचे आज योजिले आहे.

अशा परीक्षेत व्याख्या विचारीत नाहीत. एक कल्पित प्रसंग देतात आणि कोणाचा हक्क कोठवर पोचतो, हे दोन्ही बाजूंनी मांडावयास सांगतात. आपल्याच घरचे उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या छापखान्याने आपल्या स्मरणिकेतील सभासदांची नामावली आणि एक चरित्रलेख परवानगीवाचून छापला. आपल्या कार्यकर्त्यांनी दारोदार हिंडून ती नामावली जमविली. तेव्हा ती आपलीच, असे आपले मन म्हणेल. परंतु टेलिफोनच्या नामावलीसंबंधीच्या ‘फाइस्ट’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली ठरविले की, केवळ श्रमाने प्रताधिकार उत्पन्न होत नाही. रचनेत थोडी तरी स्वतंत्र प्रतिभा हवी. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००७ साली ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात निव्वळ श्रम पुरेसे मानले नाहीत.

चरित्रलेखाची गोष्ट निराळी. त्यातील जन्म, विद्याभ्यास, देणग्या या घटना कोणाच्याच मालकीच्या नाहीत. त्या सांगणारी शब्दयोजना मात्र लेखकाची आहे. आपल्या १९५७ च्या कायद्यान्वये तो हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. अमेरिकेत हा प्रश्न निघाल्यास उताऱ्याचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेला भाग आणि मूळ कृतीच्या विक्रीवर होणारा परिणाम अशा चार गोष्टी तोलून तो वापर न्याय्य की अन्याय्य, हे ठरवितात. या तोलण्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकाच्या पानावर तयार मिळत नाही. म्हणूनच टिपणे जवळ असूनही परीक्षार्थीस घाम फुटतो!

या विद्येचे मर्म असे की, कल्पना सर्वांची, शब्द ज्याचे त्याचे. हाच नियम उत्तरपत्रिकेसही लागू पडतो. विद्यार्थ्याने थोरांचे विचार खुशाल घ्यावेत, ज्याचा विचार त्याचे नाव सांगावे. पण मांडणी स्वतःची करावी. आता तर यंत्रही क्षणात उत्तर लिहून देते, आणि घरात पर्यवेक्षक नसतो. उसने उत्तर देऊन मिळविलेल्या प्रमाणपत्राने कायदा कळत नाही, आणि दुसऱ्याच्या लेखणीचा मान राखण्याचे शास्त्र शिकत असताना तसे करणे हे तर अधिकच लाजिरवाणे होय.

या अभ्यासक्रमाने पदवी मिळत नाही. तरीही आपल्या गुणगौरव समितीने अशा परीक्षांची दखल घ्यावी, अशी आमची नम्र सूचना आहे. खेड्यातील किंवा नोकरी सांभाळणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे दार खुले आहे. ते क्षुल्लक मानू नये. मात्र केवळ प्रमाणपत्र पाहून पारितोषिक देऊ नये. विद्यार्थ्यास समोर बसवावे, आपल्या स्मरणिकेतीलच एखादा प्रसंग द्यावा आणि दहा मिनिटे बोलू द्यावे. ज्याने खरोखर अभ्यास केला असेल तो दोन्ही बाजू मांडील आणि आपणा सर्वांस चार नव्या गोष्टी शिकवील.