आपत्तीच्या वेळी हौशी रेडिओ : संचातील प्रगत सोयींचा डोळस वापर



२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी कच्छमध्ये भूकंप झाला आणि भूज परिसरातील दूरध्वनी बंद पडले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटांनी अंदमान-निकोबार बेटांवरील दळणवळण विस्कळीत केले. दोन्ही प्रसंगी बाहेरच्या जगापर्यंत निरोप पोहोचविणाऱ्यांत परवानाधारक हौशी रेडिओचालक होते. त्सुनामीच्या वेळी श्रीमती भारती प्रसाद हौशी रेडिओच्या एका मोहिमेनिमित्त पोर्ट ब्लेअर, म्हणजे आजच्या श्री विजयपुरम येथे होत्या. चेन्नईपासून हे ठिकाण तेराशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. लाटा आल्यानंतर मोहिमेचा मूळ हेतू बाजूला ठेवण्यात आला आणि तोच संच मदतकार्यास लागला.

हे शक्य झाले ते केवळ यंत्र हाताशी होते म्हणून नव्हे. ते हाताळण्याचा सराव संकटापूर्वीच झालेला होता. आजच्या ट्रान्सीव्हरवर, म्हणजे प्रेषण व ग्रहण दोन्ही करणाऱ्या संचावर, अनेक कळा व बटणे असतात. नवख्या चालकास ती शोभेची वाटतात. वस्तुतः त्यांतील बहुतेक बोलण्यासाठी नसून ऐकण्यासाठी आहेत आणि प्रत्येक सोयीची काही किंमतही मोजावी लागते.

ऐकणे प्रथम

लघुलहरींवर ७ मेगाहर्ट्झचा पट्टा दिवसा काहीशे किलोमीटरसाठी, तर १४ मेगाहर्ट्झचा पट्टा त्याहून दूरच्या अंतरासाठी उपयोगी पडतो. तेथे एकाच वेळी अनेक केंद्रे बोलत असतात. माणसाचे बोलणे समजण्यास सुमारे २.४ किलोहर्ट्झ रुंदीची जागा पुरते. शेजारचे केंद्र त्या जागेत शिरू लागल्यास फिल्टरची रुंदी कमी करता येते किंवा फिल्टर थोडा बाजूला सरकविता येतो. मात्र तो फार अरुंद केल्यास शब्दांतील व्यंजने हरवतात.

शिट्टीसारखा अखंड सूर मध्येच येत असेल, तर नॉच फिल्टर तेवढाच सूर वगळतो. परंतु मोर्स संदेश हा स्वतःच एक सूर असतो. स्वयंचलित नॉच चालू राहिल्यास संदेशच पुसला जातो. वाहनाच्या इंजिनातील ठिणग्यांचा खडखडाट नॉइज ब्लँकरने कमी होतो, पण जवळपास प्रबळ केंद्र असल्यास त्याच सोयीमुळे आवाज बिघडतो.

समोरच्या केंद्राची वारंवारता शंभर हर्ट्झने जरी सरकली, तरी सिंगल साइडबँड पद्धतीत त्याचा आवाज जाड किंवा चिरका होतो. अशा वेळी आर.आय.टी. या सोयीने केवळ आपले ऐकणे जुळवून घ्यावे, प्रेषणाची वारंवारता हलवू नये. दोघेही मुख्य चक्री फिरवू लागले, तर पाठलाग करीत दोघेही मूळ जागेपासून दूर जातात. संभाषण संपताच आर.आय.टी. शून्यावर आणणे हा शिस्तीचा भाग होय.

दुर्मिळ ठिकाणच्या केंद्रास शेकडो केंद्रे एकाच वेळी साद घालतात, तेव्हा स्प्लिट पद्धत वापरतात. ते केंद्र एका वारंवारतेवर बोलते आणि पाच ते दहा किलोहर्ट्झ वर ऐकते. त्यामुळे सादांच्या गोंगाटात त्याचा स्वतःचा आवाज बुडत नाही. हीच कळ चुकून चालू राहिली, तर आपत्तीतील चालक भलत्याच जागी बोलत राहील आणि त्याला उत्तर मिळणार नाही.

बोलणे बेताचे

स्पीच कॉम्प्रेसरमुळे क्षीण आवाज दूरवर समजतो. त्याचा अतिरेक केल्यास आवाज फाटतो आणि शेजारच्या केंद्रांना उपद्रव होतो. आवाज होताच आपोआप प्रेषण सुरू करणारी व्हॉक्स ही सोय शांत खोलीत सोयीची असली, तरी मदतकेंद्राच्या गलबल्यात ती बंदच ठेवावी.

वीज नसेल तेव्हा बॅटरी हाच आधार असतो. १०० वॅटचा संच प्रेषणाच्या वेळी सुमारे २० अँपिअर प्रवाह घेतो. शक्ती १०० वरून २५ वॅटवर आणली, तर ऐकणाऱ्याच्या सिग्नल-मापकावर साधारणतः एकाच अंशाचा फरक पडतो. बॅटरी मात्र बराच अधिक काळ टिकते. म्हणून संपर्क जुळताच शक्ती कमी करून पाहावी. ७ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २० मीटर लांबीची तार मध्यभागातून जोडून उंच बांधली, तर उत्तम अँटेना तयार होते. संचातील अँटेना ट्यूनर लहानसा बेमेळ सावरतो, परंतु चुकीच्या लांबीच्या तारेची कसर तो भरून काढू शकत नाही.

संदेशाची शिस्त

यंत्र कितीही प्रगत असो, संदेश आधी कागदावर लिहावा. त्यावर वेळ, पाठविणारा व घेणारा यांची नोंद करावी आणि लिहून घेता येईल अशा गतीने तो वाचावा. मराठीत आकड्यांबाबत विशेष दक्षता हवी. खरखरीत ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांतील भेद सहज हरवतो. जखमींची संख्या किंवा औषधांच्या बाटल्यांचा आकडा त्याने बदलून जाईल. म्हणून ‘पाच नऊ’, ‘सहा नऊ’ असे अंक सुटे उच्चारावेत आणि घेणाऱ्याने ते परत वाचून दाखवावेत.

गावपातळीवर काय करता येईल?

प्रेषणासाठी केंद्र शासनाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घेणे आवश्यक आहे. विज्ञान शिक्षकांना शाळेत या परीक्षेची तयारी करून घेता येईल. परवानाधारकाच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांना ऐकण्याचा सराव देता येईल. जिल्हा प्रशासनाने आपल्या क्षेत्रातील परवानाधारकांची यादी अद्ययावत ठेवावी आणि नेहमीच्या वारंवारता संचाच्या स्मृतीत आधीच नोंदवून घ्याव्यात. पंचायतींनी तार बांधण्याजोगी उंच जागा व भारित बॅटरी यांची सोय पाहून ठेवावी. पावसाळ्यापूर्वी एकदा विजेशिवाय सराव घ्यावा. त्या दिवशी नुसता संपर्क साधून थांबू नये. आकड्यांचा एक पूर्ण संदेश पाठवून तो जसाच्या तसा उतरला की नाही, हे ताडून पाहावे. कोणती कळ केव्हा दाबावी याइतकेच ती केव्हा बंद करावी, हे त्या सरावातूनच कळते.