दिव्याची तिसरी तार

बेळगावच्या शहापुरात, वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात किंवा इंदूरच्या जुन्या भागात अजूनही असे वाडे उभे आहेत, की ज्यांच्या तुळयांच्या कडेने सागवानी पट्ट्या धावतात आणि त्या पट्ट्यांवर बारीक क्लिपांनी जखडलेल्या विजेच्या तारा दिसतात. बटणे काळी, गोल, बेकलाइटची. छतातून वेणीसारखी पिळलेली वायर लोंबते. तिच्या टोकाला होल्डर आणि त्यावर काचेची छत्री. या मांडणीत दिव्यापर्यंत जाणाऱ्या तारा दोनच: एक फेजची, दुसरी न्यूट्रलची. अर्थची तिसरी तार तेथे नाही. यात वायरमनने कामचुकारपणा केला असे मात्र समजू नये. त्या काळी दिव्यांच्या मंडलात ती घालण्याची सर्वत्र रीतच नव्हती. ज्या देशाकडून पाच आणि पंधरा अँपियरच्या गोल पिनांची पद्धत आपल्याकडे आली, त्या इंग्लंडातही दिव्यांच्या मंडलाला अर्थची तार आवश्यक ठरली ती १९६६ साली.

ही तार नसताना घरे इतकी वर्षे सुखरूप कशी राहिली, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर तारेत नसून दिव्यात आहे. बेकलाइट, लाकूड, काच, चिनी माती यांतून वीज वाहत नाही. आतली तार सुटून कडेला टेकली, तरी हात लागणार तो बेकलाइटला. जेथे धातू हाताला लागतच नाही, तेथे अर्थला जोडावे असेही काही उरत नाही.

परंतु घरातील वस्तू बदलत गेल्या आणि तारा मात्र होत्या तशाच राहिल्या. आधी पत्र्याच्या पट्टीची, चोक असलेली ट्यूब आली. मग पितळी ब्रॅकेट, लोखंडी झुंबर, आरशावरचा निकेलचा दिवा, न्हाणीघरातला पंखा आणि आता धातूच्या चौकटीचे एलईडी. या वस्तूंच्या आत तारेचे आवरण झिजले, की बाहेरचा धातूच २३० व्होल्टवर जाऊन बसतो. दिवा नेहमीसारखा लागतो, त्यामुळे कोणाला संशयही येत नाही.

अशा वेळी फ्यूज उडेल, हा समज घरोघरी आढळतो. तो किती भ्रामक आहे हे साध्या भागाकाराने कळते. ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या देहाचा रोध सुमारे एक हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्यातून ०.२३ अँपियर प्रवाह जाईल. माणसाचे हृदय बंद पाडण्यास तो पुरेसा आहे. पाच अँपियरच्या फ्यूजला त्याची खबरही लागणार नाही. अर्थची चांगली तार असेल, तर दोष उत्पन्न होताच प्रवाहाला तिच्यातून मोकळी वाट मिळते. त्या वाटेचा एकूण रोध दोन ओहम असेल, तर प्रवाह ११५ अँपियर होतो आणि फ्यूज तत्काळ वितळतो. माणसाचा हात लागण्यापूर्वीच दिवा बंद पडलेला असतो.

तेव्हा जुन्या घराची पारख करताना दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात: तार आहे काय, आणि तिच्या टोकाला काय लटकले आहे. मुख्य स्विच बंद करून जाणत्या वायरमनने बोर्ड उघडला, की आत हिरवी किंवा उघडी तांब्याची तार आहे की नाही हे दिसते. पण बोर्डात ती दिसली म्हणजे दिव्यापर्यंत पोचली असे नव्हे. पुष्कळदा ती बोर्डातच संपते, किंवा मध्येच एखाद्या जोडात तुटलेली असते. म्हणून प्रत्येक दिव्यापाशी तिचे सातत्य मीटरने तपासावे लागते. त्यानंतर दिवे काढून ५०० व्होल्टच्या मेगरने आवरणाचा रोध पाहतात; तो एक मेगोहमच्या खाली असेल, तर त्या तारा कामाच्या राहिल्या नाहीत असे समजावे. रबरी आवरणाची तार वाकवताच तिचे तुकडे पडू लागले, तर मेगरचीही वाट पाहू नये. बटण फेजवर आहे की चुकून न्यूट्रलवर, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. न्यूट्रलवर असेल, तर दिवा विझला तरी होल्डर जिवंतच राहतो.

खिशातल्या टेस्टरवर या कामी फार विसंबू नये. काही उपकरणांतील फिल्टरमुळे, दोष नसतानाही, अर्थ नसलेल्या धातूवर टेस्टर मंद पेटतो आणि बोटांना झिणझिण्या येतात. ते दोषाचे लक्षण असेलच असे नाही; अर्थ पोचलेला नाही याचे मात्र ते लक्षण आहे.

खरा धोका अर्धवट उपायांत आहे. अर्थच्या जागी न्यूट्रलचाच तुकडा जोडण्याची एक युक्ती चालते. ती युक्ती नव्हे, सापळा आहे. कारण कोठे तरी न्यूट्रल तुटली, की दिव्याचे सारे अंग फेजवर जाते. दुसरी युक्ती नळाला तार बांधण्याची. पूर्वी लोखंडी नळ जमिनीत दूरवर गेलेले असत. पुढे प्लंबरने त्यांच्या जागी प्लास्टिकचे नळ बसविले आणि घराचा अर्थ नाहीसा झाला; प्लंबरला ते ठाऊक नाही आणि मालकालाही नाही. परसात स्वतंत्र खड्डा खणून, कोळसा व मीठ घालून नळी पुरली, तरी वैशाखात माती सुकली म्हणजे तिचा रोध वाढतो. तो वीस ओहम असला, तर प्रवाह जेमतेम साडेअकरा अँपियर. सोळा अँपियरचा एमसीबी तेवढ्याने पडत नाही. म्हणून अशा ठिकाणी तीस मिलीअँपियरचे आरसीसीबी हवेच. अर्थची तार नसतानाही ते प्राण वाचवू शकते, पण तेव्हा ते पडते माणसाच्या अंगातून प्रवाह गेल्यावर, आधी नव्हे. पावसाळ्यात ओलसर भिंतींमुळे ते वारंवार पडू लागले, की ‘कटकट नको’ म्हणून त्याला बाजूला सारून सरळ जोडणी करतात. तक्रार खरी असते, पण तक्रार करण्याची जागा चुकते. दोष त्या भिंतीतल्या तारांत असतो.

समजा, एका वाड्यात माजघराच्या काचेच्या छत्रीच्या जागी नातवाने आणलेला पितळी दिवा लावायचा आहे. वायरमन छताकडे पाहतो आणि मान हलवतो.

“अरे, पन्नास वर्षे इथे दिवा जळतो आहे, कधी कुणाला धक्का बसला नाही,” आजी म्हणतात.

“आजी, तेव्हा वर काच होती. आता तुम्ही पितळ लावताय.”

तारांचे आवरण शाबूत निघाले, तर सारा वाडा उकरण्याचे कारण नाही. अर्थपट्टीपासून त्या दिव्यापर्यंत हिरवी तार स्वतंत्रपणे ओढून घेता येते. रबर विरले असेल, तर मात्र नव्या नळीतून तिन्ही तारा नव्याने घ्याव्या लागतात. खर्च पेलण्यासारखा नसेल तोवर छतात प्लास्टिकचा किंवा दुहेरी आवरणाचा, एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असलेला दिवाच लावावा. आणि ‘या मंडलात अर्थ नाही’ अशी चिठ्ठी बोर्डावर डकवावी, म्हणजे पुढच्या वायरमनची फसगत होणार नाही. इंग्लंडात अशा घरांच्या बोर्डावर तशी सूचना लावतात.

पितळी दिवा तोवर कपाटात ठेवलेला बरा. काचेची छत्री धुऊन पुसून पुन्हा टांगता येते.