लिलावातल्या करवती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "लोणची-पापडांवर पुष्कळजणी बोलतात, तुम्ही तुमच्या करवतींवर बोला." म्हणून उभी राहिले. चूकभूल पदरात घ्यावी.

आमचे घर सुतारकामाचे. जुन्या नाशकातले वाडे उतरवतात, तेव्हा निघालेल्या सागवानी दारे-खिडक्या दुरुस्त करण्याचे काम आमच्याकडे येते. मामंजींची एक करवत होती, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. मूठ शिसवी, हाताने झिजून गुळगुळीत झालेली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. चार वर्षांपूर्वी पूजेआधी मी सगळी हत्यारे पुसायला काढली. करवतीच्या पात्यावर डांबर चिकटले होते, घासून निघेना. मी मूठ काढून ठेवली आणि पाते बंबाच्या विस्तवावर धरले. डांबर जळाले. पाते निळे-काळे झाले, तेही मी घासून लख्ख केले आणि मनात खूश झाले.

दसऱ्यानंतर मामंजींनी ती लाकडाला लावली. दोन हात मारताच दाते बोथट झाले, आणि वाकलेले पाते सरळ होईना. मामंजींनी पाते बोटाने वाजवून पाहिले, आणि एवढेच म्हणाले, "पाणी उतरले हिचे." पोलादाला दिलेले पाणी जास्त तापले की उतरते, हे मला कुठे ठाऊक! ते रागावले असते तर बरे झाले असते. ते गप्प बसले, आणि मला जेवण गोड लागेना.

यांनी बाजारातून नवी करवत आणली. कापायची चांगली, पण बोथट झाल्यावर तिला कानस लागेना, नुसती घसरे. हल्लीच्या पुष्कळ करवतींचे दाते असे कडक केलेले असतात, टोकाशी काळपट दिसतात. त्यांना पुन्हा धार लावता येत नाही. बोथट झाली की टाकून द्यायची.

अशात नाशिकरोडच्या बाजूला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या सामानाचा लिलाव निघाला. हे म्हणाले, "गंज विकत घेऊन काय करणार?" मी भिशीचे ३,००० रुपये घेतले आणि धाकट्या भाऊजींना बरोबर नेले. आदल्या दिवशी माल पाहू देतात. निघताना मामंजींनी आपण होऊन सांगितले, "सूनबाई, गंजाला भिऊ नको. पाते वाकवून सोड, सरळ झाले तर घे. धारेवरून डोळा लावून बघ, वळण दिसले तर सोड. दाते मोडले असले तर चालतील, ते नवे पाडता येतात. चीर मात्र नको." महिन्यांनंतर ते माझ्याशी एवढे बोलले होते.

अकरा करवती एका ढिगात होत्या. भंगारवाले वजनाच्या हिशोबाने बोली लावीत होते. २,६०० वर ते थांबले, मी १०० वाढवले, आणि ढीग माझ्या नावावर झाला. माझा हात कापत होता. घरी आल्यावर तीन पाती चिरलेली निघाली. म्हणजे मीही पुरते पाहिले नव्हते.

एका मुठीवरची पितळी चकती मी चिंचेने घासली. तीवरची इंग्रजी अक्षरे मुलीने वाचली, "शेफील्ड." विलायतेतले हे गाव पोलादासाठी जुने नावाजलेले. अमेरिकेत फिलाडेल्फियाला हेन्री डिस्टन यांनी १८४० साली करवतींचा कारखाना काढला, तेही मूळचे इंग्लंडचेच. ही करवत ढकलताना कापते, आपली जुनी देशी करवत ओढताना. बसून काम करणाऱ्याला ओढणे सोपे जाते.

आता कृती सांगते. गंजावर रॉकेल लावून रात्रभर ठेवावे. सकाळी सपाट ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून लांबीच्या दिशेने घासावे. विस्तव जवळ आणू नये, ते माझ्यावरून शिका! मग पाते दोन फळ्यांत आवळून सपाट कानशीने सर्व दात्यांची टोके एका रेषेत आणावी. एक दाता डावीकडे, पुढचा उजवीकडे, असा फक्त टोकाकडचा भाग किंचित वाकवावा, म्हणजे पाते लाकडात अडकत नाही. नंतर तिकोनी कानस. लाकूड उभे चिरायच्या करवतीला कानस पात्याशी काटकोनात धरायची, तिचे दाते पटाशीसारखे होतात. आडवे कापायच्या करवतीला तिरपी धरायची, म्हणजे दाते सुरीसारखे होतात. एक दाता सोडून एक घासावा, मग पाते फिरवून राहिलेले. प्रत्येकाला सारखेच हात मारावेत. शेवटी शिवणयंत्राचे तेल पुसावे, नाहीतर पावसाळ्यात पुन्हा गंज.

मामंजींच्या डोळ्यांना आता बारीक दिसत नाही. ते शेजारी बसून कानशीचा आवाज ऐकत. "हा दाता जास्त घासलास," म्हणत, आणि ते खरे असे. पहिले पाते मी बिघडवले. दाते लहानमोठे झाले. ते म्हणाले, "सपाट कर, पुन्हा पाड." तीनदा पाडले.

आठांपैकी पाच करवती ओळखीच्या सुतारांनी नेल्या. लिलावाचे पैसे सुटले, वर थोडे उरले. दोन यांच्या कामाला लागल्या. शेफील्डच्या पात्याची मूठ फुटकी होती. मामंजींनी आपली जुनी शिसवी मूठ ट्रंकेतून काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "हिला बसव." भोके जुळेनात, यांनी नवी पाडली.

गेल्या खंडेनवमीला त्या करवतीला हळदकुंकू मामंजींनी मला लावायला सांगितले. निळे पडलेले पातेही शेजारी मांडले होते. ते मी टाकलेले नाही.

भगिनींनो, घरातले जुने हत्यार भंगारात घालण्याआधी जाणत्या माणसाला एकदा दाखवा. आणि चूक झाली तर ती दुरुस्त कशी करायची, हे ज्याचे नुकसान झाले त्यालाच विचारा. मी विचारायला दोन महिने घाबरले, ते दिवस फुकट गेले.

एवढे बोलून मी माझे भाषण संपवते.