डोळ्यातल्या भिंगाशी शरीर कसं वागतं?



आपल्या बॅचला आता मोतीबिंदूचं वय लागलं आहे. त्यामुळे भेटाल तिथे मला एकच प्रश्न विचारता: "भिंग बसवलं, दोन वर्षं स्वच्छ दिसलं, आता पुन्हा धूसर. भिंग खराब निघालं का?" त्यावरच बोलतो.

पायात काटा मोडला तर शरीर त्याला सुखानं राहू देत नाही. मग डोळ्यात प्लास्टिक कसं चालतं? दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या पर्स्पेक्सच्या ठिकऱ्या ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत घुसल्या. डोळा त्या बराच सहन करतो, हे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी पाहिलं आणि १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्याच जातीच्या प्लास्टिकचं पहिलं भिंग बसवलं.

तरीही शरीर दखल घेतंच. भिंगावर प्रथिनांचा पातळ थर बसतो, भक्षक पेशी येऊन त्याला चाचपतात. ही जळजळ आवरण्यासाठीच शस्त्रक्रियेनंतरचे थेंब असतात. ते मनानं बंद करू नका.

धूसरपणाचं कारण बहुधा वेगळं असतं. आपल्या मूळ भिंगाची पातळ पिशवी आम्ही जागेवर ठेवतो आणि तिच्यातच नवं भिंग बसवतो. कितीही साफ केली तरी तिच्या कडेला मूळ भिंगाच्या काही पेशी उरतात. त्या वाढतात, सरकत मागच्या पापुद्र्यावर येतात आणि तो गढूळ होतो. लहान मुलांत हे फार जोरात होतं. म्हणून हल्ली भिंगाची मागची कड चौकोनी, धारदार ठेवतात. शेताच्या बांधासारखी ती पेशींना अडवते; पण प्रत्येक वेळी नाही.

आपल्या एका बाईंनी "भिंगच बिघडलं" म्हणून वाचन सोडलं होतं. याग लेझरनं त्या पापुद्र्याला मधोमध छोटी खिडकी पाडली. टाका नाही, चिरा नाही, काही मिनिटांचं काम. बाई पुन्हा वाचू लागल्या.

मात्र प्रत्येक धूसरपणा हाच नसतो. पडदा, मधुमेह, डोळ्यातला दाब हेही पाहावं लागतं. दुखणं, लाली, अचानक कमी दिसणं, चमका किंवा नवे काळे ठिपके दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि घरातली वडील माणसं "दिसत नाही" म्हणाली, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. आधी डोळे तपासून घ्या.